आज्ञावली तपासणारा घरचा संगणक

समजा, एका शाळेतील चार शिक्षकांनी मिळून वार्षिक निकाल तयार करणारी आज्ञावली लिहायला घेतली आहे. एकाने गुणांच्या बेरजेचा भाग लिहिला, दुसऱ्याने नावे वर्णानुक्रमे लावण्याचा, उरलेल्या दोघांनी छपाईचा. प्रत्येकाचा भाग त्याच्या स्वतःच्या संगणकावर बिनचूक चालतो. सगळे भाग एकत्र केल्यावर मात्र असे आढळते की साडेचौतीस गुण मिळवणारा एक विद्यार्थी एका संगणकावर उत्तीर्ण होतो आणि दुसऱ्यावर अनुत्तीर्ण. आज्ञावली तीच, गुणही तेच. मग चूक कोणाची?

हे उदाहरण काल्पनिक असले तरी त्यातील घोटाळा खरा आहे. पायथन या संगणकभाषेत अपूर्णांक जवळच्या पूर्णांकात बदलण्यासाठी 'राउंड' ही आज्ञा आहे. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत ही आज्ञा ३४.५ चे ३५ करीत असे. २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत तीच आज्ञा ३४ करते. नवा नियम असा की संख्या बरोबर मध्यावर असेल तर ती जवळच्या सम संख्येकडे न्यायची. म्हणजे ३४.५ चे ३४ आणि ३५.५ चे ३६. यामागे कारण आहे. अर्धा नेहमीच वर ढकलला, तर हजारो संख्यांच्या बेरजेत थोडी थोडी वाढ साचत जाते. समसंख्येच्या नियमाने काही वर जातात, काही खाली येतात. संख्याशास्त्राच्या दृष्टीने नवा नियम चांगलाच आहे, पण उत्तीर्ण होण्याची मर्यादा ३५ असेल तर त्या मुलाला तो चांगला वाटणार नाही! दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली, तरी जुन्या संगणकांवर ती अजूनही राहून गेलेली दिसते.

नावांच्या यादीतही असाच प्रकार होतो. आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह' नंतर येतो. त्यामुळे कावळे, कासार आणि मग काळे असा क्रम लागायला हवा. परंतु युनिकोड या संकेतप्रणालीत 'ळ' ला दिलेला क्रमांक 'ल' आणि 'व' यांच्या मधला आहे. संगणकावर भाषेची मांडणी 'मराठी' अशी निवडलेली नसेल, तर तो नुसते क्रमांक पाहतो आणि काळे यांना कावळ्यांच्या आधी बसवतो.

'माझ्या संगणकावर तर चालते' हे वाक्य आज्ञावली लिहिणाऱ्यांमध्ये विनोद म्हणून प्रसिद्ध आहे. विज्ञानाच्या शिक्षकांना त्यात काही नवे वाटू नये. एकाच प्रयोगशाळेत, एकाच हाताने आलेले निरीक्षण आपण स्वीकारत नाही. तोच नियम आज्ञावलीला लावायचा एवढेच.

रोजची जुळणी

१९९१ साली ग्रेडी बूच यांच्या पुस्तकात 'कंटिन्युअस इंटिग्रेशन' हा शब्दप्रयोग आला. आपण त्याला सततची जुळणी म्हणू. पुढे केंट बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिला रोजच्या शिस्तीचे रूप दिले. कल्पना साधी आहे. सर्वांनी आपापला भाग महिनाभर जवळ ठेवून शेवटी एकत्र करायचा नाही. दिवसातून एकदा तरी तो सामाईक कोठारात टाकायचा. प्रत्येक बदल आला की कोणाच्याही नसलेल्या एका संगणकाने संपूर्ण आज्ञावली पहिल्यापासून बांधायची आणि ठरलेल्या चाचण्या चालवायच्या. मूळ मजकुरापासून चालू शकणारी आज्ञावली तयार करण्याच्या या क्रियेला 'बिल्ड' म्हणतात. चाचणी फसली तर लगेच कळते, आणि कालपासून आजपर्यंतच बदल झालेला असल्याने चूक शोधायची जागाही लहान असते.

या व्यवस्थेत दोन पात्रे असतात. एक व्यवस्थापक सर्व्हर. तो कोठारावर नजर ठेवतो, कामांची रांग लावतो आणि निकाल नोंदवतो. दुसरा प्रत्यक्ष राबणारा संगणक, त्याला एजंट किंवा रनर म्हणतात. जेन्किन्स या प्रसिद्ध प्रणालीत पूर्वी याच यंत्राला 'गुलाम' अशा अर्थाचा शब्द होता. २०१६ साली दुसऱ्या आवृत्तीपासून तो बदलून 'एजंट' केला गेला. व्यवस्थापकाने स्वतः बिल्ड करू नये असाही सल्ला जेन्किन्सचे जाणकार देतात. त्याचे कारण पुढे येईल.

गिटहब, गिटलॅब यांसारख्या सेवा आपले एजंट वापरायला देतात. दर कामासाठी नवेकोरे आभासी यंत्र मिळते आणि काम संपले की ते नष्ट होते. मग स्वतःचा एजंट कशाला बसवायचा? बहुतेकांनी बसवू नयेच, असे माझे मत आहे. शाळा-महाविद्यालयातील लहान प्रकल्पाला भाड्याचे यंत्र पुरेसे असते. परंतु आज्ञावली एखाद्या जोडलेल्या उपकरणावर तपासायची असेल, विदा इतकी मोठी असेल की ती दर वेळी बाहेर पाठवणे शक्य नाही, किंवा गणिताला फार वेळ लागत असेल तर इलाज नाही. गिटहबच्या भाड्याच्या यंत्रावर एक काम जास्तीत जास्त ६ तास चालू शकते. स्वतःच्या यंत्रावर ही मर्यादा ५ दिवसांची आहे. आमच्या संशोधनातील काही गणिते एका रात्रीत संपत नाहीत, म्हणून आम्हाला हा उद्योग करावा लागला.

एजंट बसवताना

एजंट म्हणजे एक लहानशी आज्ञावलीच असते. लिनक्स असलेला कोणताही बरा संगणक त्यासाठी चालतो. पहिले काम म्हणजे त्या संगणकावर एजंटसाठी वेगळा वापरकर्ता निर्माण करणे. या वापरकर्त्याला यंत्राचे सर्वाधिकार द्यायचे नाहीत आणि कोणाच्याही खासगी फायली दिसू द्यायच्या नाहीत. घाईत हे राहते, आणि नंतर बदलणे जड जाते.

दुसरे काम नोंदणी. सर्व्हरकडून एक टोकन मिळते. गिटहबचे नोंदणी-टोकन तासाभरातच निकामी होते, त्यामुळे ते कागदावर लिहून ठेवण्यात अर्थ नसतो. एजंट ते दाखवून स्वतःची कायमची ओळख मिळवतो. याच वेळी त्याला लेबले लावतात. लिनक्स, प्रोसेसरचा प्रकार ही लेबले आपोआप लागतात, 'मोठी स्मृती' किंवा 'उपकरण जोडलेले' यांसारखी आपण लावायची. काम पाठवणाऱ्याने जी लेबले मागितली असतील, ती सर्व ज्या एजंटवर असतील त्याच्याचकडे काम जाते. एखादे लेबल चुकीचे लिहिले तर कोणतीही चूक दाखवली जात नाही, काम फक्त रांगेत बसून राहते. गिटहबवर चोवीस तास वाट पाहून ते रद्द होते. नवख्या माणसाचा पहिला दिवस बहुधा इथेच जातो.

नोंदणी झाल्यावर सर्व्हर आपल्या एजंटला काम कसे देतो? बहुतेकांना वाटते की सर्व्हर बाहेरून आपल्या संगणकाचे दार वाजवत असेल आणि त्यासाठी संस्थेच्या फायरवॉलमध्ये खिडकी पाडावी लागेल. प्रत्यक्षात उलटे घडते. एजंटच बाहेर जाऊन विचारतो, 'माझ्यासाठी काही काम आहे का?' गिटलॅबचा रनर मुळात दर ३ सेकंदांनी हा प्रश्न विचारतो. गिटहबचा रनर एकदा विचारून थोडा वेळ फोन धरून ठेवावा तसा थांबतो आणि उत्तर न आल्यास पुन्हा विचारतो. हा संवाद आपण संकेतस्थळे पाहतो त्याच मार्गाने, म्हणजे ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरून, बाहेरच्या दिशेने होतो. त्यामुळे आत येण्यासाठी एकही दार उघडावे लागत नाही. ही रचना सुरेख आहे, पण तिच्यामुळे खोटा दिलासाही मिळतो. दार उघडले नाही हे खरे, पण एजंट स्वतः बाहेर जाऊन जे काम घेऊन येतो ते शेवटी आतच चालते.

नंतर एजंट 'सेवा' म्हणून बसवायचा, म्हणजे वीज जाऊन आली की तो आपोआप सुरू होतो. इथे एक गंमत आहे. हाताने चालवलेली आज्ञा चालते आणि तीच एजंटने चालवली की 'अशी आज्ञावली सापडत नाही' असे उत्तर येते. कारण आपण संगणकावर बसतो तेव्हा आपल्या आवडीनिवडींची एक फाइल वाचली जाते आणि कोणती आज्ञावली कुठे शोधायची ते तीत लिहिलेले असते. सेवा ही फाइल वाचत नाही. ही अडचण म्हणजे एजंटचा दोष नव्हे. आपली आज्ञावली आपल्या नकळत कशाकशावर अवलंबून होती, तेच तो दाखवून देत असतो.

जुना संगणक वापरणाऱ्यांनी घड्याळाकडे लक्ष द्यावे. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली की संगणक दर वेळी कित्येक वर्षे मागच्या तारखेला जागा होतो. मग सर्व्हरचे सुरक्षा-प्रमाणपत्र त्याला 'अजून लागू न झालेले' वाटते आणि तो जोडणीच नाकारतो. शिवाय 'मेक' सारखी बांधणीची साधने कोणती फाइल नवी आणि कोणती जुनी हे वेळेवरूनच ठरवतात. घड्याळ चुकले तर बदललेला भागही ती पुन्हा बांधत नाहीत.

न धुतलेले चंचुपात्र

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. भाड्याचे यंत्र दर वेळी कोरे असते. आपले यंत्र तसे नसते. कालच्या कामाच्या फायली, अर्धवट बांधलेले भाग, उतरवून घेतलेल्या ग्रंथालय-आज्ञावल्या हे सगळे तिथेच पडून राहते. प्रयोगशाळेत कालचे चंचुपात्र न धुता आज वापरावे तसे.

आमच्याकडे हे घडले. आमच्या एका गणिताला एक सहगुणकांचा तक्ता लागे आणि तो आज्ञावलीचाच एक भाग सुरुवातीला तयार करी. एका सहकाऱ्याने आज्ञावलीची सफाई करताना तो भाग निरुपयोगी समजून काढून टाकला. चाचण्या चालल्या आणि सर्व हिरव्या दिव्याने उत्तीर्ण झाल्या, कारण जुन्या बिल्डमधला तक्ता एजंटच्या फोल्डरमध्ये तसाच होता. पुढे सूत्रात एक सुधारणा झाली. तक्ता जुन्या सूत्राचाच राहिला. सुमारे तीन महिन्यांनी त्या संगणकाची डिस्क बिघडली, नवी बसवली, आणि पहिल्याच बिल्डला 'तक्ता सापडत नाही' अशी तक्रार आली. तोवर त्या आकड्यांवर दोन आलेख काढून झाले होते आणि एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाचे एक प्रकरण लिहून झाले होते. ते सर्व पुन्हा करावे लागले. फसलेली चाचणी माणसाला कामाला लावते. चुकून उत्तीर्ण झालेली चाचणी त्याला झोपवते, हे आम्ही तेव्हा शिकलो. डिस्क बिघडली नसती तर काय झाले असते, याचा विचार करायला आजही आवडत नाही.

यावर उपाय दोन पातळ्यांवर करता येतो. दर कामाआधी फोल्डर पुसून कोठारात नसलेली प्रत्येक फाइल काढून टाकणे हा किमान उपाय. पण त्याने फोल्डरबाहेरचा पसारा जात नाही. त्यापेक्षा चांगला मार्ग कंटेनरचा. २०१३ साली आलेल्या डॉकरमुळे तो सोपा झाला. कंटेनर म्हणजे एक बंद डबा समजा. पायथनची कोणती आवृत्ती, कोणती भाषा-मांडणी, कोणती ग्रंथालये हे सारे त्यात ठरवून भरलेले असते. दर कामाला त्या डब्याची नवी प्रत उघडायची आणि काम संपले की टाकून द्यायची. साडेचौतीसचे उत्तर मग सर्वांच्या संगणकावर एकच येते. तो मुलगा उत्तीर्ण की अनुत्तीर्ण हे अर्थात शिक्षकांनी ठरवायचे, आणि ठरले की ती एक चाचणी म्हणून लिहून ठेवायची.

डब्यावर 'अद्ययावत' अशी चिठ्ठी लावून चालत नाही. आजचा अद्ययावत आणि सहा महिन्यांनंतरचा अद्ययावत वेगळे असतात. डब्यातील मजकुरावरून काढलेला लांबलचक अंक, ज्याला डायजेस्ट म्हणतात, तो लिहून ठेवावा. हे डबे जागाही फार खातात. डिस्क भरली की चाचण्या फार विचित्र रीतीने फसतात, म्हणून जुने डबे आठवड्याला काढून टाकणारी आज्ञा लावून द्यावी. आणि एका वेळी किती कामे चालू द्यायची हे प्रोसेसरांपेक्षा स्मृतीवरून ठरवावे. एका बिल्डला ३ जीबी लागत असेल तर ८ जीबीच्या यंत्रावर दोनच.

किल्ली कोणाकडे

एजंटचे काम काय? कोठारातून आलेल्या आज्ञा, त्या कोणी लिहिल्या हे न विचारता, पाळणे. म्हणजे कोठारात बदल पाठवू शकणारी प्रत्येक व्यक्ती आपल्या खोलीतील संगणकावर बसल्यासारखीच असते. पाचजणांच्या बंद प्रकल्पात हे चालते. जगाला खुल्या असलेल्या प्रकल्पात नाही. खुल्या कोठाराला स्वतःचा एजंट जोडू नये, असे गिटहबच्या मार्गदर्शिकेतच म्हटले आहे.

ही भीती पोकळ नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दोन सुरक्षा-संशोधकांनी पायटॉर्च या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सुप्रसिद्ध आज्ञावली-संचावर प्रयोग केला आणि जानेवारी २०२४ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांनी आधी एका माहितीपत्रकातील शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करून पाठवली. ती स्वीकारली गेली आणि ते प्रकल्पाचे 'सहभागी' झाले. तिथली व्यवस्था अशी होती की पहिल्यांदाच बदल पाठवणाऱ्याचे काम कोणीतरी पाहून मंजूर करी, त्यानंतरचे आपोआप चाले. त्यांचा पुढचा बदल पायटॉर्चच्या स्वतःच्या एजंटवर आपोआप चालला. तो एजंट काम संपल्यावर नष्ट होणारा नव्हता. त्यावर ठाण मांडून त्यांनी नंतरच्या कामांबरोबर येणाऱ्या किल्ल्या मिळवल्या. हेतू चांगला असल्याने त्यांनी संबंधितांना कळवले. हेतू वाईट असता तर असंख्य लोकांपर्यंत जाणारा संच बिघडवता आला असता, आणि तेही शुद्धलेखनाच्या एका चुकीवरून!

म्हणून दर कामागणिक नोंदणी करून एका कामानंतर स्वतःला रद्द करणारे 'क्षणजीवी' एजंट वापरतात. एजंटला शक्य तेवढ्या कमी किल्ल्या देतात आणि संस्थेच्या अंतर्गत जाळ्यापासून त्याला वेगळे ठेवतात. डॉकर वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की ज्या वापरकर्त्याला डॉकर चालवण्याचा अधिकार दिला, त्याला व्यवहारतः यंत्राचे सर्वाधिकार मिळतात. व्यवस्थापक सर्व्हरने स्वतः बिल्ड का करू नये हेही आता लक्षात येईल. सगळ्या किल्ल्या त्याच्याकडेच असतात.

याहून भयंकर प्रकार २०२० साली सोलरविंड्स या अमेरिकन कंपनीत उघडकीस आला. मोठ्या संस्थांच्या संगणक-जाळ्यांवर देखरेख ठेवणारी आज्ञावली ही कंपनी बनवते. हल्लेखोरांनी कोठाराला हात लावला नाही. बिल्ड करणाऱ्या यंत्रात त्यांनी एक लहान आज्ञावली दडवली. बांधणी सुरू झाली की ती एक मूळ फाइल गुपचूप बदलत असे आणि बांधणी संपताच पूर्ववत करीत असे. कोठार तपासणाऱ्याला सर्व स्वच्छ दिसे. तयार झालेल्या आज्ञावलीवर कंपनीची अधिकृत डिजिटल सहीसुद्धा होती. १८ हजारांच्या आत ग्राहकांनी ती उतरवून घेतली असावी, असे कंपनीने जाहीर केले. त्यांत अमेरिकन सरकारची खातीही होती. केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या १९८४ साली छापलेल्या व्याख्यानात नेमका हाच धोका मांडला होता. मूळ मजकूर कितीही निर्दोष असला तरी तो बांधणारे साधनच दूषित असेल, तर नुसता मजकूर वाचून ते कळणार नाही.

त्यावर डेबियन आणि इतर काही प्रकल्प जो मार्ग चोखाळत आहेत तो विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ओळखीचा वाटेल. एकच मूळ मजकूर दोन स्वतंत्र यंत्रांवर बांधायचा आणि दोन्ही फायली बिटाबिटाने जुळतात का ते पाहायचे. दोन्ही यंत्रे एकाच प्रकारे दूषित असण्याची शक्यता कमी. ऐकायला हे सोपे वाटते, पण पहिल्या प्रयत्नात फायली जवळजवळ कधीच जुळत नाहीत. आम्ही आमच्या दोन एजंटांवर हा प्रयोग केला तेव्हा पहिला फरक निघाला तो फाइलमध्ये आपोआप छापल्या जाणाऱ्या बांधणीच्या वेळेचा. त्यासाठी ठराविक तारीख देण्याची एक सर्वमान्य पद्धत आहे, ती वापरल्यावर तो गेला. दुसऱ्या फरकाने मात्र आठवडा खाल्ला. काही भागांची नावे आम्ही मराठीत ठेवली होती. एका एजंटवर भाषेची मांडणी मराठी होती, दुसऱ्यावर नव्हती, आणि 'ळ' असलेल्या फायली दोन्हीकडे वेगळ्या क्रमाने जोडल्या जात होत्या.